निकाल ठरलेला, आदळणे खरे

व्यावसायिक कुस्ती म्हणजे निकाल आधी ठरवून लढली जाणारी कुस्ती. कोण जिंकणार, शेवटचा डाव कोणता, लढत साधारण किती वेळ चालवायची, हे रिंगणात उतरण्यापूर्वी दोन्ही मल्लांना माहीत असते. मधला बराचसा भाग मात्र त्यांना गर्दीचा अंदाज घेत, एकमेकांच्या कानाशी पुटपुटत, तिथल्या तिथे उभा करावा लागतो. भारतात हा प्रकार ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ या अमेरिकी कंपनीच्या नावानेच ओळखला जातो. 2002 पर्यंत ती ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ होती आणि नांदेड-लातूरकडचे जुने शौकीन अजूनही तेच नाव घेतात. 1990 च्या दशकात केबलच्या तारा तालुक्याच्या गावांपर्यंत गेल्या आणि हे मल्ल घरात आले. त्या वेळी शाळेत असलेली पिढी आज चाळिशीच्या घरात आहे. तिच्यातले पुष्कळ जण अजून हा खेळ पाहतात, आणि पाहतात म्हणून त्यांना अजून ऐकून घ्यावे लागते.

काय ऐकून घ्यावे लागते, तेही ठरलेले आहे. हे सगळे खोटे असते. ही कुस्ती नव्हे, कुस्तीची विटंबना आहे. ज्या मातीने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला, तिथल्या माणसाने असले काही पाहावे ही शरमेची गोष्ट आहे. हे परक्यांचे खूळ आहे. पोरे यातून मारामारी शिकतात. आणि शेवटी, सगळ्यांत वरच्या सुरात: शिकल्यासवरल्या माणसाने पाहावे असे यात काही नाही. हे म्हणणाऱ्यांत तालमीतले वस्ताद असतात, घरातले वडीलधारे असतात, शाळेतले गुरुजी असतात, कचेरीतले सोबतीही असतात. पाहणारा फसलेला आहे आणि त्याला हे कुणीतरी सांगायला हवे, असे ही सगळी मंडळी धरून चालतात. चूक तिथेच आहे.

फसवणूक व्हायची तर माहिती लपवलेली असावी लागते. इथे लपवलेले काय आहे? 1989 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे या कंपनीनेच सांगितले की आमचा कार्यक्रम हा क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे. त्यामागे हेतू व्यवहाराचा होता. क्रीडा म्हटले की राज्याच्या क्रीडा आयोगाचे नियम आणि कर लागू होतात, ते टाळायचे होते. पण हेतू काहीही असो, कबुली जाहीर होती आणि तिला साडेतीन दशके उलटून गेली. तरीही प्रत्येक नवा आक्षेपक गुपित फोडल्याच्या थाटात तेच सांगत येतो. ज्याला तो सांगतो, त्या शौकिनाला कोणत्या मल्लाची कंत्राटाची मुदत कधी संपते, दुखापतीमुळे कोणाची कथा अर्ध्यावर बदलावी लागली, कोणाला पुढे आणायचे घाटते आहे, हेही ठाऊक असते. या दोघांत अजाण कोण?

असे सगळे माहीत असून पाहणे मराठवाड्याला नवीन नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि मग काही दिवस माळरानावर घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, तमाशाचे फड आणि लावणी महोत्सव अशी सगळी गर्दी एकत्र नांदते. दुपारी दंगलीच्या कडेला बसलेला माणूस खांदा टेकला की नाही यावरून शेजाऱ्याशी भांडतो. हलगी कडाडते, शड्डू ठोकले जातात, लहानग्यांच्या कुस्त्यांनी सुरू झालेला फड मानाच्या कुस्तीपर्यंत चढत जातो. रात्री तोच माणूस तमाशाच्या तंबूत वग पाहायला बसतो. गादीवरचा राजा पहाट झाली की ट्रकमध्ये पेट्या चढवणार आहे, हे त्याला माहीत असते. वगाचा शेवटही माहीत असतो, कारण गेल्या वर्षी त्याने तो दुसऱ्या फडाचा पाहिलेला असतो. तरी सोंगाड्याच्या प्रत्येक टोल्याला तो हसतो आणि पाटलाचे कपट उघडे पडले की शिट्टी मारतो. तंबूच्या दारात उभे राहून ‘अरे, हा खरा राजा नाही’ असे सांगणाऱ्याला यात्रेतले लोक काय म्हणतील?

व्यावसायिक कुस्तीत माळेगावची दुपार आणि माळेगावची रात्र एकाच चौथऱ्यावर येतात. अंग दंगलीतले आणि बांधणी वगाची. म्हणूनच नांदेड-लातूरकडच्या पोरांना ती समजावून सांगावी लागली नाही. समालोचन इंग्रजीत असे आणि त्यातले अवाक्षर कुणाला कळत नसे. तरी कोण माजला आहे, कोणाचा घात होणार आहे, कोण आता उठणार आहे, हे घरातल्या आजीलाही कळत असे. शाळेत मल्लांच्या चित्रांचे पत्ते खेळले जात. उंची, वजन, दंड, क्रमांक असे आकडे पत्त्यावर छापलेले असत. एकाने आकडा सांगायचा, मोठा आकडा असलेल्याने समोरचा पत्ता जिंकायचा. त्या पत्त्यांच्या डावात अंडरटेकर या मल्लाची एक बातमी जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरली होती: खरा अंडरटेकर मेला, आता दिसतो तो दुसरा. या बातमीचे मूळ पोरांच्या कल्पनेत नव्हते. जानेवारी 1994 मध्ये कंपनीने अंडरटेकरला शवपेटीत घालून ‘संपवला’ होता आणि ऑगस्टमध्ये शिकागोला खऱ्या आणि तोतया अंडरटेकरची लढत लावली होती. एका अक्षराचे भाषांतर नसताना ती कथा मराठवाड्यातल्या शाळांच्या मैदानांवर जशीच्या तशी उतरली. नुसत्या अंगाने आणि चेहऱ्याने एवढी गोष्ट सांगता येणे ही साधी करामत नव्हे. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ याने 1957 साली छापलेल्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकाचा पहिलाच निबंध या कुस्तीवर लिहिला, तो याच कारणाने. सुष्ट-दुष्ट, अपमान, सूड, न्याय या गोष्टी लांबून, शेवटच्या रांगेतूनही वाचता येतील एवढ्या ठळक करून दाखवणारी ही रंगभूमी आहे, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

आता ‘खोटे’ या आरोपाचा दुसरा भाग. निकाल ठरलेला असतो, पण अंग ठरवून कापसाचे करता येत नाही. रिंगणाच्या खाली पोलादी तुळया असतात, त्यांवर लाकडी फळ्या, त्यांवर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास. उंचावरून त्यावर पाठीवर पडायचे तर हनुवटी छातीशी घट्ट दाबावी लागते, म्हणजे डोके मागे आपटत नाही. दोन्ही हात पसरून तळवे एकदम आपटावे लागतात आणि श्वास सोडून द्यावा लागतो, म्हणजे मार पाठीच्या एका जागी न बसता पसरतो. हे शिकायला महिने लागतात आणि नीट जमल्यावरही पाठ दुखतेच. उचलणाऱ्याच्या हातात समोरच्याची मान असते. प्रतिस्पर्ध्याला लागल्यासारखे दिसावे, पण लागू नये, हे दोन्ही एकाच क्षणी साधायचे असते. अस्सल कुस्तीत मल्लाला आपल्यापुरते पाहावे लागते. इथे दोघांचे पाहावे लागते.

जमले नाही तर काय होते, त्याची नोंद आहे. 3 ऑगस्ट 1997 ला ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला डोक्यावर आदळले, अंदाज काही इंचांनी चुकला आणि ऑस्टिनचे हातपाय काही क्षण बधिर झाले. त्या मानेच्या दुखण्यानेच 2003 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याची नियमित कारकीर्द संपली. 28 जून 1998 ला पिट्सबर्ग येथे अंडरटेकरने मिक फोलीला सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खालच्या टेबलावर फेकले. ते ठरलेले होते. त्यानंतर फोली पुन्हा वर चढला आणि पिंजऱ्याचे छतच तुटून तो आतल्या रिंगणात कोसळला. ते कुणी ठरवलेले नव्हते. तरी त्याने लढत पुरी केली. यातले काय खोटे आहे?

कुस्तीप्रेमींचा आक्षेप जास्त गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो प्रेमातून येतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तम-ए-हिंद झाले आणि मामा म्हणून त्यांनी पिढ्या घडवल्या. साई गावचे काका पवार हे त्यांचेच शिष्य. त्यांना 1998 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत महाशिवरात्रीच्या सुमारास आजही कुस्त्या होतात. ज्या जिल्ह्याला हा वारसा आहे, तिथल्या जाणत्या माणसाला ठरवलेली कुस्ती खुपणे स्वाभाविक आहे. पण त्याला खुपते ते नेमके काय? गावच्या फडात दोन नामांकित पैलवान आधी संगनमत करतात, लोकांनी उन्हात तास-दीड तास वाट पाहिलेली असते, आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सुटते. याला नुरा कुस्ती म्हणतात आणि ती खरोखरच पाप आहे, कारण तिथे निकाली कुस्तीच्या नावावर वर्गणी घेतलेली असते. व्यावसायिक कुस्ती निकालीपणाच्या नावावर दमडीही घेत नाही. नुरा कुस्तीचा राग तिच्यावर काढणे म्हणजे एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याला देणे आहे.

शिवाय या दोन घराण्यांतली सोयरीक जुनी आहे. 1910 साली लंडनला जाऊन रॉलर आणि झ्बिस्को या परदेशी मल्लांशी लढलेला गामा हा राजाश्रयाचा पैलवान होता, आणि तिकडे तो उतरला तो इनामाच्या व्यावसायिक फडातच. झ्बिस्कोशी त्याची पुन्हा गाठ पडली 1928 मध्ये पतियाळाला, तेव्हा कुस्ती मिनिटाच्या आत संपली. दारासिंग तर उघडच व्यावसायिक मल्ल होते. किंगकाँगसारख्या अवाढव्य परदेशी मल्लांशी झालेल्या त्यांच्या लढतींनी मैदाने भरली आणि 29 मे 1968 ला मुंबईत त्यांनी लू थेझला हरवले. ज्या फिरत्या व्यावसायिक जगात ते लढले, तिथे निकाल आधी ठरवण्याची पद्धत केव्हाच रुळली होती. हेच दारासिंग 1987 साली रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत हनुमान झाले. ज्या तालमीत हनुमंताला नमस्कार केल्याशिवाय कुणी मातीत पाय ठेवत नाही, तिथल्या माणसांनी दूरदर्शनवर त्यांना हात जोडले. तेव्हा विटंबना झाली नाही, मग आज ती कशी होते? अमेरिकेतही कर्ट अँगल 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून या रिंगणात आला आणि ब्रॉक लेस्नर विद्यापीठ स्तरावरचा राष्ट्रीय विजेता होता. अस्सल कुस्तीत शिखर गाठलेल्यांना हा खेळ हलका वाटला नाही.

आणि मराठवाड्यातली तालीम ओस पडली असेल तर तिला टीव्हीने ओस पाडलेले नाही. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात, ते रोज लागतात, आणि कोरडवाहू शेतीच्या घराला ते परवडत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या शहरात नळाला पाणी नाही, त्याच्या आसपासच्या खेड्यांत म्हशीच्या दुधावर पोर पोसणे कोणाला शक्य होते? बिराजदारांना कोल्हापूर गाठावे लागले, काका पवारांचे कुस्तीचे संकुल पुण्यात उभे राहिले, आणि आजचा होतकरू पोरगाही तिकडेच जातो. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत लातूरचा शैलेश शेळके नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरशी लढला; दोघेही पुण्यात काका पवारांच्याच हाताखाली तयार झालेले होते. खुराकाचा खर्च, मॅट, प्रशिक्षक आणि नोकरी हे प्रश्न अवघड आहेत, ते ज्यांना विचारायचे त्यांना विचारावे लागतात. रात्री डब्ल्यूडब्ल्यूई पाहणाऱ्या पोराला बोल लावणे त्याहून सोपे आहे. म्हणून ते होते.

त्याच अंतिम कुस्तीने आणखी एक गोष्ट दाखवली. सदगीर 3-2 ने जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला, आपल्या तालमीतल्या जोडीदाराला, खांद्यावर उचलून घेतले. गुणांचा हिशेब आज किती जणांच्या लक्षात असेल सांगता येत नाही. खांद्यावरचा शेळके सगळ्यांच्या लक्षात आहे. अस्सल कुस्तीचा प्रेक्षकही नुसता निकाल पाहत नसतो. मैत्री, मान, वैर, हार पचवणे, हे सगळे तो पाहत असतो. व्यावसायिक कुस्ती तेच मुद्दाम घडवते आणि घडवण्याचे श्रेय उघडपणे घेते.

परकेपणाचा आक्षेप नांदेडमध्ये तर मुळीच टिकत नाही. 2007 मध्ये हिमाचलचा दलीप सिंग राणा, म्हणजे ग्रेट खली, डब्ल्यूडब्ल्यूईचा जागतिक हेवीवेट विजेता झाला. 2015 मध्ये त्याने जालंधरला कुस्तीची शाळा काढली. 8 सप्टेंबर 2023 ला डब्ल्यूडब्ल्यूईचा कार्यक्रम हैदराबादच्या गच्चीबावलीत झाला. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुंबई त्याच्या दुप्पट. 1956 पर्यंत नांदेड आणि लातूर या दोन्ही भागांची राजधानी हैदराबादच होती; दवाखाना, खरेदी, नोकरी यांसाठी इथला माणूस अजून तिकडे जातो. तो तिथे कुस्ती पाहायला गेला तर परका कसा झाला? क्रिकेटही बाहेरूनच आले. त्याला परके म्हणण्याची आज कुणाची हिंमत आहे?

मुलांच्या अनुकरणाबद्दल थोडक्यात. उंचावरून उडी मारून मित्राच्या छातीवर पडणे धोक्याचे आहे आणि ते पोरांना बजावले पाहिजे; कंपनीही बजावते. पण सिनेमा पाहून गच्चीवरून उड्या मारणारी पोरे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या आधीही होती. सांभाळणे हे मोठ्यांचे काम आहे. ते झाले नाही म्हणून खेळ वाईट ठरत नाही.

राहिला शिकल्यासवरल्यांचा आक्षेप. लातूर पॅटर्नच्या शहरात तो जास्त टोकदार आहे. तिथे दहावीपासून पोराचा तास न् तास शिकवणीला जोडलेला असतो, आणि ज्याचा गुणपत्रिकेत उपयोग नाही ते सगळे वेळ घालवणे ठरते. पण मग मालिका कोणत्या गुणपत्रिकेत मोजली जाते? सासू-सुनेचे वैर लेखकाच्या टेबलावर ठरते हे जाणूनच ती पाहिली जाते. क्रिकेटमध्ये 2000 साली निकालाचे सौदे उघडकीस आले, खेळाडूंवर बंदी आली, तरी क्रिकेट पाहणाऱ्याच्या बुद्धीवर कुणी शंका घेतली नाही. तिथे ठरवाठरवी चोरून झाली होती आणि प्रेक्षक खरोखर फसला होता. इथे ती सांगून होते आणि प्रेक्षक फसत नाही. तरी अडाणी ठरतो तो इथला प्रेक्षक. याचे कारण खेळात सापडत नाही, ते पाहणाऱ्याच्या वर्गात सापडते. तमाशालाही शिकलेल्यांनी असेच गावकुसाबाहेर ठेवले होते, आणि नंतर त्याच्यावर प्रबंध लिहिले.

या खेळावर एक आक्षेप असा आहे की ज्याला उत्तर नाही, आणि तो आक्षेपकांपैकी कुणीच घेत नाही. अमेरिकेत या मल्लांना कंपनीचे नोकर मानले जात नाही. ते स्वतंत्र कंत्राटदार धरले जातात, त्यामुळे नोकराला मिळणारा आरोग्यविमा त्यांना कंपनीकडून मिळत नाही. 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोराने खाली सोडताना कडी सुटली, तो रिंगणात कोसळला आणि मरण पावला. कार्यक्रम थांबवला गेला नाही. 2007 मध्ये क्रिस बेन्वा या मल्लाने पत्नीचा आणि मुलाचा खून करून आत्महत्या केली. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या माराच्या गंभीर खुणा आढळल्या. त्यानंतर काही वर्षांनी कंपनीने डोक्यावर खुर्ची मारणे बंद केले. या गोष्टी शौकिनांनी लावून धरल्या, कारण पडणे खरे असते हे त्यांना माहीत होते. जो सगळेच खोटे आहे म्हणून हात झटकतो, त्याला मानेच्या उपचाराचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न सुचूच शकत नाही. ऑक्टोबर 1999 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका लढतीत डॅरेन ड्रॉझडॉव्ह चुकीचा आदळला, त्याची मान मोडली आणि मानेखालचे अंग लुळे पडले. 2023 मध्ये मरण येईपर्यंत तो चाकाच्या खुर्चीत होता. ज्याच्या हातून तो आदळला त्या डी-लो ब्राउनला त्याने कधी दोष दिला नाही. त्या लढतीचा निकालही आधीच ठरलेला होता.